नासलं म्हणायचं कोणी

वैशाख वद्य पंचमी. मी दूध संस्थेचा मोठा कॅन राखेनं घासत बसले होते. पाण्याचा टँकर आला नव्हता, म्हणून विसळायला तांब्याभरच पाणी.

त्या सकाळी आमच्या गावचं सगळं दूध नासकं म्हणून तालुक्याच्या डेअरीवरून परत आलं होतं. गाडीवाला सांगून गेला, "ताई, अजून एकदा असं निघालं तर गाडी तुमच्या फाट्यावर थांबायची न्हाई." दुष्काळानं रानात काही उरलं नव्हतं. ऊसतोडीहून परतलेल्या घरांच्या चुली या दुधावरच पेटत होत्या. संस्था बायकांची, आणि दूध तपासून घेणारी सचिव मी.

कोणाच्या दुधानं घोटाळा होतो, ते सगळ्यांना ठाऊक होतं. अध्यक्षबाई माझ्या चुलत सासू, सगळं गाव त्यांना मामी म्हणतं. त्या संध्याकाळचं उरलेलं दूध सकाळच्यात मिसळत. पण आमच्याकडे दुसरीच्या दुधाला तोंडावर 'नासलं' म्हणत नाहीत. म्हटलं की तिची म्हैस आटते, असा समज. दुष्काळात असा बोल कोण लावून घेणार?

घासता घासता डोकं पळायला लागलं. गाडी बंद झाली तर म्हशी बाजारात, म्हशी गेल्या तर पोरींची शाळा बंद, मग पुढं काय. चिंतेला मोकळं सोडलं की ती वर्षभर पुढं जाऊन बसते. मी हात थांबवला. उद्या सकाळी नेमकं काय करायचंय? एक शब्द बोलायचाय. रिकाम्या कॅनमध्ये तोंड घालून तो म्हणून बघितला. आधी आवाजच फुटेना. मग कॅन घुमला.

नवरा दारातून म्हणाला, "काय म्हणतोय कॅन?"

"भीत न्हाई म्हणतोय."

"मामीसमोर बघू की."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी स्टोव्ह आणि पातेली घेऊन गावातल्या संकलन केंद्रात बसले. पहिलं पळीभर दूध माझ्याच म्हशीचं उकळलं. ठीक निघालं. मग रांगेतल्या एकेकीचं. मामींचं उकळायच्या आधीच फाटलं. सगळ्या पातेलीत बघत राहिल्या.

"कावून थांबलीस?" मामी म्हणाल्या. "ओत की कॅनमध्ये."

"न्हाई ओतत, मामी."

"मग तोंडानं म्हण काय झालं ते. म्हैस आटली तर तुझ्या दारात आणून बांधीन."

"नासलंय," मी म्हणाले. "संध्याकाळचं घरी ठेवा. उद्या सकाळचं तेवढं आणा, पहिलं तुमचंच घेते."

मामींनी किटलीचं झाकण आपटून लावलं आणि त्या गेल्या. रांगेतली मागची बाई किटली घट्ट धरून जागची हलेना. फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला. मी पातेली राखेनं पुसली, स्टोव्हला पंप मारला आणि तिच्या किटलीसाठी हात पुढं केला.