माझ्या वाट्याची ड्युटी

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. आमच्या वॉर्डात तर नाहीच — आणि आम्हा सिस्टर लोकांत एखादी गोष्ट लपून राहणं म्हणजे नवल समजा. कुणाच्या घरी सासू रुसली, तेसुद्धा सकाळच्या चहाआधी सगळ्यांना कळलेलं असतं. ही एवढी एक राहिली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलायला धजतेय. यात काही शौर्य नाही, मला माहीत आहे.

शमीमपासून सुरुवात करते. सगळं शेवटी तिच्यापाशीच जाऊन थांबणार आहे, पण आधी ती कशी होती ते सांगू दे मला — तेवढंच बरं वाटतं.

शमीम देहूरोडची. तिच्या अब्बांचं हायवेच्या कडेला पंक्चरचं दुकान, ट्रकवाले सगळे ओळखीचे. मी मूळची कुरुळीची, लग्न होऊन निगडीत आले. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात आम्ही दोघी बरोबरच नर्स म्हणून लागलो. ती बसने निगडीपर्यंत यायची आणि स्टँडसमोर माझ्या स्कूटीवर मागे बसायची. हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवायची आणि जी सुरू व्हायची ती दवाखान्याच्या गेटपर्यंत. वाऱ्यामुळे मला निम्मंच ऐकू यायचं. मी नुसतंच हं हं करायचे. मग ती खांद्यावर एक चापटी मारायची, "सुने," — सुनीता असं पुरतं नाव तिनं कधी घेतलंच नाही — "तू ऐकतच नाहीस. तुझ्या नवऱ्याची दया येते बघ मला."

आता माझ्या मागे कुणी बसत नाही. स्टँडसमोर आलं की अजूनही माझा हात आपोआप गाडी हळू करतो. मागचे रिक्षावाले शिव्या घालतात. तुम्हाला हसू येईल, पण त्या चापटीसाठी मी आज काय वाटेल ते देईन.

कधी रविवारी तिच्या घरी जायचे तेव्हा अब्बा दुकानातूनच हाक मारायचे. माझ्या गाडीचं चाक अंगठ्यानं दाबून बघितल्याशिवाय मला आत जाऊ द्यायचे नाहीत. "हवा कमी हाय बेटी. अशीच पळवती व्हय गाडी?" हवा कमी नसली तरी म्हणायचे. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. तेव्हा अशा बोलण्याची मला किती भूक असेल, ते तुम्हीच समजा.

पाहा, साप सोडून भुई धोपटतेय मी. पुढे सरकायला हवं.

साथ आली आणि आमचा वॉर्ड पेशंटनी भरून गेला. आत जायचं म्हणजे तो पांढरा कीट चढवायचा, वरून चष्मा, दोन हातमोजे, छातीवर मार्करनं नाव — कारण आत सगळ्या सारख्याच दिसायच्या. एकदा घातला की शिफ्ट संपेपर्यंत पाणी नाही, बाथरूम नाही. आता बाईमाणसाला त्यात पाळी आली तर काय? हे कुठल्याही साहेबाच्या डोक्यात आलं नव्हतं. आमचं आम्हीच ठरवून टाकलं. जिला आली असेल तिनं इन्चार्ज सिस्टरना सांगायचं — "मॅडम, आजचा दिवस बाहेर द्या." एवढंच. मग तिला बाहेरच्या टेबलावर बसवायचे, तिच्या जागी दुसरी आत जायची. कुणी विचारायचं नाही, कुणी कुणाच्या तारखा मोजायच्या नाहीत. आज तू माझ्यासाठी जा, उद्या मी तुझ्यासाठी जाईन. त्या सगळ्या काळात मला कशाचा अभिमान वाटला असेल तर या एका गोष्टीचा. बायकांनी बायकांसाठी केलेली सोय होती ती, आणि ती नुसत्या विश्वासावर चालत होती.

कळलं ना आता, मी कुठं चाललेय ते?

आदल्या दिवशी आमच्यातलीच एक आत दाखल झाली होती. बाळंतपणाच्या वॉर्डातली सिस्टर, धडधाकट, तोंडानं फटकळ. मी तिला ऑक्सिजन लावला तेव्हा तिनं माझं मनगट धरलं ते सोडेच ना. नुसती बघत राहिली. सकाळी मी कपडे बदलायच्या खोलीत उभी, हातात तो कीट, आणि माझ्यानं पाकीट फोडवेना. पाचावर धारण बसली होती माझी. डोळ्यांसमोर माझी लेक येत होती, असं म्हटलं तर ऐकायला बरं वाटेल. पण खरं सांगते, लेकसुद्धा नव्हती. फक्त मी होते. मला मरायचं नव्हतं.

मी बाहेर आले आणि म्हणाले, "मॅडम, आजचा दिवस बाहेर द्या."

मला पाळी आली नव्हती.

मॅडमनी मान डोलावली आणि इकडेतिकडे बघितलं. माणसं कमीच होती. बाकावर शमीम बसली होती. तिचे आतले दिवस आदल्या दिवशीच संपले होते. तपासणीसाठी नाकातला नमुना देऊन ती लॉजवर जाणार होती. आत काम करणाऱ्यांना तेव्हा लॉजवरच ठेवायचे. रिपोर्ट चांगला आला की घरी. नमुना नुकताच दिला होता तिनं, डोळ्यांतलं पाणी पुसत होती. म्हणाली, "मी जाते की. आजवर आतच होते, एक दिवस जास्त."

आणि माझ्याजवळ येऊन हळूच, "या खेपेला लवकर आली का गं तुला? टेन्शननं होतं असं. गरम पाणी पी."

मी हो म्हटलं. गरम पाणी प्यायलेसुद्धा.

तो दिवस मला स्वच्छ आठवतो. बाहेरच्या टेबलावर नातेवाइकांचे डबे घ्यायचे, निरोप लिहायचे. समोर कडुनिंब होता, चांगला वारा होता. कँटीनचा चहा आला, आणि — हे सांगायला लाज वाटते — तो चहा मला फार गोड लागला. कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला मी. सुखात होते. आत शमीम होती आणि बाहेर मी सुखात होते.

शिफ्ट संपल्यावर ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावर चष्म्याचे लाल वळ. हसतच सांगत होती — एक म्हातारबाबा भ्रमात गेले, हातपाय झाडायला लागले, त्यांना धरताना त्यांनी तिचा चष्मा आणि मास्क दोन्ही ओरबाडून काढलं. "माझ्या तोंडावर खोकले गं! म्हटलं बाबा, मुका तरी घ्यायचा!" सगळ्या हसल्या. मीही हसले. ती धावत जाऊन तोंड धुऊन आली होती, नवा मास्क लावला होता. झालं. असं रोज कुणाचं ना कुणाचं व्हायचंच.

एवढंच असतं, तर कदाचित मी इतकी वर्षं तोंड लपवलं नसतं. भीती वाटली, खोटं बोलले, मैत्रीण माझ्या जागी गेली. वाईटच. पण भीती कुणाला वाटत नाही? असं मी स्वतःला शंभरदा समजावलंय. खरी गोष्ट पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी शमीमचा रिपोर्ट आला. स्वच्छ. ती लॉजवरून थेट दवाखान्यात आली, हातात पिशवी. दारातूनच ओरडली, "निगेटिव्ह! चालले बाई घरी. अब्बांच्या हातचा चहा पिते आणि दोन दिवस झोपते!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचा तो चेहरा — शाळा सुटलेल्या पोरीसारखा. मला त्या दिवशीही बाहेरच दिलं होतं. आणि मी टेबलामागून तिच्याकडे बघत असताना माझ्या मनात एकदम लख्ख पडलं. नमुना तिनं आत जायच्या आधी दिला होता. मास्क निघाला तो नंतर. हा रिपोर्ट त्या खोकल्याबद्दल काहीच सांगत नव्हता.

बाकीच्यांच्या ध्यानात आलं नाही. थकल्या होत्या सगळ्या, आणि चांगली बातमी कुणाला नको असते? तिच्याही ध्यानात आलं नाही. तिला घर दिसत होतं. माझ्या आलं. मी नर्स आहे, मला एवढं कळतं. फक्त म्हणायचं होतं, "शमीम, थांब. काल तू परत आत गेली होतीस. अजून थोडे दिवस लॉजवरच राहा, पुन्हा नमुना दे." एवढं एक वाक्य.

पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. काल परत आत का गेली? कुणाच्या जागी? आणि मग कुणीतरी माझ्याकडे बघितलं असतं. नुसतं बघितलं असतं, बाकी काही नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं मला त्या नजरेचंच भय वाटलं. मी म्हणाले, "जा, नीट झोप."

ती घरी गेली.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. आठवडा सरायच्या आत तिला ताप आला, मग अब्बांना. ती घरीच बरी झाली. अब्बांना आमच्याच वॉर्डात आणलं. तेव्हा आतली ड्युटी माझी होती. या वेळी मी गेले, रोज गेले, दुसऱ्यांच्या वाट्याच्याही ड्युट्या मागून घेतल्या — त्यानं काय फिटतं का? कीटमध्ये मला कुणी ओळखत नसे, पण अब्बांनी आवाजावरून ओळखलं. मास्कच्या आतून म्हणाले, "सुनीता का? शमीम कशी हाय?" मी सांगितलं, बरी आहे. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "तू हायस ना हितं, मग मला घोर न्हाई, बेटी."

ते गेले तेव्हा मी शेजारी होते. शमीमला फोन मीच केला. पलीकडून ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "मी आणलं घरात."

साथ ओसरल्यावर आमच्या सोसायटीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, योद्धा म्हणून भाषण — आधी ज्यांनी मला लिफ्ट वापरू दिली नव्हती त्यांच्याच हातून. मी शाल घेतली, फोटो काढला. मनात त्यांना नावं ठेवत होते. मला काय अधिकार होता नावं ठेवायचा?

शमीमनं वॉर्ड सोडला. चाकणकडं एका कंपनीच्या दवाखान्यात लागली — बोट कापलं तर पट्टी, डोकं दुखलं तर गोळी. सुरुवातीला फोन करायची. मी उचलायचे, मग उशिरा उचलायला लागले, मग "कामात आहे गं" म्हणायला लागले. तिला वाटलं असेल, ही मोठी झाली, प्रमोशन मिळालं, विसरली. वाटू दे, असं मी ठरवलं. तिचा आवाज ऐकला की मला अब्बांचा ऐकू यायचा. पण तो आवाज मी विसरले मात्र नाही. गाडीवर एकटी असले की अजूनही अधूनमधून हं हं करते. मला ती हवी आहे हो. रोज हवी आहे. देहूरोड काय, हाकेच्या अंतरावर आहे, आणि मी तिकडची बससुद्धा बघत नाही.

गेल्या महिन्यात ती स्टँडवर भेटली. टाळता आलं नाही, समोरासमोरच. कंपनीचा निळा कोट, केस पांढरे झालेले. माझा हात धरला आणि सोडला नाही. लेक कितवीत आहे, गुडघे कसे आहेत, सगळं विचारलं. पूर्वीसारखीच. मग एकदम म्हणाली —

"सुने, एक विचारू? तो नमुना मी आत जायच्या आधी दिला होता. आणि मी रिपोर्ट बघून नाचत घरी गेले. नर्स असून एवढं साधं कळलं नाही मला. अब्बांच्या कपातला चहा प्यायले गं मी."

इतकी वर्षं ती हे घेऊन फिरत होती. चाकणच्या त्या खोलीत, पट्ट्या बांधता बांधता, तिनं ते एकटीनं शोधून काढलं होतं, आणि सगळं स्वतःच्या माथी मारून घेतलं होतं. माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला उत्तर हवं होतं, आणि ते द्यायला तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मी म्हणाले, "सोड ना आता. तेव्हा कुणालाच कळलं नसतं."

तिनं मान डोलावली. "तू म्हणतेस तर असेल," म्हणाली. बस आली, ती चढली, खिडकीतून हात हलवला.

मला कळलं होतं. ती दारात पिशवी घेऊन हसत उभी होती तेव्हाच कळलं होतं. तिच्या अब्बांचं मरण तिनं घरी नेलं नाही, मी तिच्याबरोबर पाठवलं. हे ऐकायचा हक्क तिचा होता. मी ते तुम्हाला सांगितलं, तिला नाही.