पडून दाखवता न येणारं दुखणं

घनसावंगी, परतूर, भोकरदन. या तिन्ही तालुक्यांत मी मेलेलो आहे आणि तिन्हीकडे टाळ्या घेऊन मेलो आहे. परतूरच्या बाजारात तर लोकांनी 'पुन्हा एकदा, पुन्हा एकदा' असा गलका केला, तेव्हा उठलो, अंगावरची धूळ झटकली आणि पहिल्यापेक्षा झकास मेलो.

घाबरू नका. मी प्राथमिक शाळेतला मास्तर. पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला, आणि लहानपणापासून चार माणसं जमली की तोंड आवरत नाही असा. आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी हे बरोबर हेरलं. भिंतीवरचे तक्ते कुणी वाचत नाही, तेव्हा आजार नाटकातून दाखवायचे, अशी त्यांची कल्पना. मग सुट्टीच्या दिवशी मी, माझा एक ढोलकी वाजवणारा मित्र आणि मॅडम, असे आम्ही तिघं बाजाराच्या गावी जायचो. मी आजारी पडायचो. लोकांनी ओळखायचं. मॅडमनी पुढचं सांगायचं.

तोंडाची एक बाजू लोंबती सोडून, दोन्ही हात समोर धरून मी एक हात हळूहळू खाली पाडला की बाया ओरडायच्या, "वारं गेलं, वारं गेलं अंगावरून!" मॅडम म्हणायच्या, "तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, की मालिश करत बसायचं नाही. त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात." मी जुलाब झालेलं पोर व्हायचो, तेव्हा मॅडम माझ्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायच्या. "चिमटी जागच्या जागी राहिली, जीभ कोरडी पडली, लघवी कमी झाली, म्हणजे अंगातलं पाणी गेलं." माझ्या पोटावर चिमटीच काय, मूठ मावायची, त्यावर हमखास हशा. उन्हाळ्यात मी ऊन लागलेला मजूर व्हायचो, अंग तापलेलं आणि बडबड भलतीच. ती बडबड मी मनाने रचायचो, आणि तिच्यात गावच्या सरपंचाचा उद्धार असायचा.

पण माझा खरा हुकमी एक्का म्हणजे हार्ट अटॅक. आधी छातीवर पंजा. मग डोळे पांढरे. मग सात पावलं मागे, प्रत्येक पावलाला ढोलकीची थाप. शेवटी गिरकी घेऊन चटईवर धाडकन. मॅडम कपाळाला हात लावायच्या. "गुरुजी, थोडं कमी करा." मी म्हणायचो, "मॅडम, कमी केलं तर मागच्या रांगेला दिसायचं नाही."

या नाटकाची पहिली प्रेक्षक माझी वहिनी. थोरल्या भावाची बायको. घनसावंगीजवळच्या आमच्या गावात दादाचं घर आणि माझं घर समोरासमोर. नवा आजार बसवला की मी आधी तिच्या चुलीसमोर करून दाखवायचो. ती भाकर थापता थापता नापास करायची. "भाऊजी, ही कावीळ हाय का लग्नातली हळद?" तिला स्वतःला शुगर होती. गोळ्या घ्यायची, चहात साखर घालायची नाही, आणि सणाला पुरणपोळी लपून खायची. तिचं ते गुपित मला ठाऊक होतं, दादाला नव्हतं.

त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. आमचा परतूरला खेळ होता. निघण्याआधी चहासाठी म्हणून मी दादाच्या घरी गेलो. दादा शेतावर गेला होता. वहिनी चुलीपुढे बसली होती, परातीत पीठ, तव्यावर भाकर. भाकर एका बाजूने करपली होती आणि ती उलटायचं तिच्या ध्यानात नव्हतं. मी म्हणालो, "वहिनी, कोळसा खायाला घालताव का आज?"

ती हसली. पदराने कपाळ पुसलं. "काय की भाऊजी. बिनकामाचा घाम येऊन राह्यलाय सकाळधरनं. मळमळतंय. ही दाढ बी दुखतीय." तिने जबडा चाचपला. "पित्त झालं असंल."

"लिंबू-सोडा घ्या," मी म्हणालो. डॉक्टरांच्या संगतीत असल्यामुळे मला औषधं सांगायची सवय लागली होती.

मग तिने माझ्याकडे जरा तिरकं पाहिलं. "का तुमच्या नाटकातला अटॅक म्हणायचा हा?"

इथे मला थांबता आलं असतं. थांबणं माझ्या स्वभावात नाही. मी खुर्चीवरून उठलो. "वहिनी, अटॅक असा बसल्या जागी भाकरी करत येत न्हाई. त्याला कला लागती. आधी छातीवर पंजा, मंग डोळे पांढरे, मंग सात पावलं मागं. तुमाला न्हाई जमायचं."

"न्हाई जमायचं? बघा मंग." वहिनीने पिठाने भरलेला हात छातीवर मारला, डोळे फिरवले आणि बसल्या बसल्या इतकी सुरेख डुलली की मी टाळ्या वाजवल्या. हिरव्या पातळावर पिठाचा पांढराशुभ्र पंजा उमटला. पाची बोटं मोजून घ्यावीत असा. ती हसत होती. हसताना तिला धाप लागली होती. तेही मी पाहिलं. मग मोटारसायकलला किक मारली आणि परतूरला जाऊन लोकांना दुखणं कसं ओळखायचं ते शिकवलं.

मी चटईवर मरून पडलो होतो तेव्हा खिशातला फोन वाजायला लागला. मेलेल्या माणसाने फोन कसा घ्यायचा? लोक हसत होते. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मित्राने ढोलकी खाली ठेवून माझ्या खिशातून तो काढला आणि कानाला लावला. त्याचा चेहरा मी चटईवरूनच पाहिला. लोक तरीही हसत होते.

दादा शेतावरून आला तेव्हा ती चुलीपाशी भिंतीला टेकून होती. ती केव्हाच गेली होती; करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मॅडम दुसऱ्या दिवशी घरी आल्या. मी त्यांना अंगणात बाजूला घेऊन विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं. छातीत कळ येईलच असं नाही. बायकांना, आणि शुगर असलेल्यांना तर पुष्कळदा, अटॅक असाच येतो. थंडीत घाम, मळमळ, जबडा, पाठ, खांदा, धाप, नुसता थकवा. माणूस पित्त म्हणतो, दाढ म्हणतो आणि कामाला लागतो. "हे तुम्हाला मी आधी सांगायला हवं होतं, गुरुजी," त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं नाही की सांगितलं असतं तरी मी ते नाटकात घेतलं नसतं. त्यात पडायला कुठे होतं?

पण मला खरं ग्रासलं ते दादाच्या बोलण्याने. त्याने तो पंजा पाहिला होता. छातीवरचा. त्याने स्वतःशी हिशेब जुळवला: हिच्या छातीत दुखलं, हिने हात धरला, आणि कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून तो तिच्यावर रुसला. येईल त्या पाहुण्याला तेच. "छाती धरून बसली, पण एक शबूद बोलली न्हाई. सांगायला काय झाल्तं तिला? दवाखान्याचा कटाळा. आडमुठी बाई." वर्षश्राद्धाला पानावर बसूनही तेच. समोर तिचा फोटो. मी वाढत होतो. फोटोतली वहिनी माझ्याकडे बघत होती, आता बोला की भाऊजी, एवढं तर तोंड चालतं, अशी.

ती कुणाला सांगून गेली होती, ते एकट्या मला माहीत होतं. आणि मी चार वर्षं, होय, मी, गप्प राहिलो.

खेळ मात्र बदलला. सात पावलं गेली, चटई गेली. आता मी डोक्यावर उपरण्याचा पदर घेऊन बाजारात मांडी घालून बसतो आणि खऱ्या पिठाची भाकर थापतो. थापता थापता हात मंद होतो. कपाळ पुसतो. जबडा चाचपतो. नसलेल्या तव्यावरची भाकर उलटायची विसरतो. बस, एवढंच. मागच्या रांगेला काही दिसत नाही. मागची रांग पुढे सरकते.

पहिल्याच खेळात एक गोष्ट घडली. मी कपाळ पुसलं आणि उपरणं ओलं झालं. माघ महिना, बोचरा वारा, आणि मला घाम. तो मी आणलेला नव्हता. करपलेल्या भाकरीचा वास आला. समोर तवा नव्हता, जाळ नव्हता. एका गावात तर खेळ संपल्यावर एक म्हातारी लिंबू आणि कुंकू घेऊन आली. तिने लिंबू माझ्यावरून उतरवलं आणि कानाशी विचारलं, "गुर्जी, कोणाची बाई आल्ती तुमच्या अंगात?" एरवी अशा प्रश्नाला मी अर्धा तास पुरेल असं उत्तर दिलं असतं. त्या दिवशी नुसते पिठाचे हात धुतले. पाणी ओतत असताना वाटलं, शेजारी कुणीतरी हात धुवायला थांबलंय.

सगळीकडे खेळ केला, आमच्या गावात नाही. काहीतरी कारण काढून टाळायचो. या वर्षी मॅडमनी शिबिर आमच्याच गावात ठेवलं, शाळेच्या पटांगणात, भर दुपारी. दादा येणार नाही असं मी धरून चाललो होतो. तो आला. पहिल्या रांगेत बसला, काठी मांडीवर आडवी.

मी पदर घेतला. पीठ मळलं. कपाळ पुसलं, जबडा चाचपला. इथे माझा खेळ संपतो आणि मॅडम बोलायला लागतात. मॅडम उठल्या. मी त्यांना हाताने बसवलं.

मग मी उठून पलीकडच्या खुर्चीत बसलो, पदर काढून टाकला, पोट पुढे काढलं आणि माझाच आवाज लावला. "वहिनी, अटॅक असा बसल्या जागी येत न्हाई! त्याला कला लागती!" आजवर या खेळात दीर नव्हता. लोक खदखदून हसले. मी परत पिठापाशी गेलो, पदर घेतला, म्हणालो, "न्हाई जमायचं? बघा मंग," आणि भरलेला हात छातीवर मारला. सदऱ्यावर पंजा उमटला. पुन्हा खुर्चीकडे. टाळ्या वाजवल्या, एकट्यानेच. हसणं हळूहळू विरलं. मी किक मारल्याचा अभिनय केला आणि तसाच उभा राहिलो. मरायचं काही मी दाखवलं नाही.

दादा काठी टेकत उठला. लोकांना वाटलं, हाही नाटकातलाच. तो माझ्यापाशी आला आणि सदऱ्यावरच्या पंजाकडे बघत राहिला.

"म्हंजे हा तो पंजा," तो म्हणाला. "तिनं सांगितल्तं."

"हो दादा. मला सांगितल्तं."

मला वाटलं काठी पाठीत बसणार. मी ती खायला तयार होतो; खरं म्हणजे चार वर्षं तिचीच वाट बघत होतो. त्याने काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात माझ्या पाठीमागे नेला. खांद्यामागच्या दोन फऱ्यांच्या मधोमध, किंचित डावीकडे, बोटं रोवली.

"हितं," तो म्हणाला. आवाज असा की पहिल्या रांगेलाच ऐकू जावा. "हे तू दाखवलं न्हाई. हितं दुखत व्हतं तिला, आठ दिस. मला सांगितल्तं. उसण भरली असंल म्हणून मी रोज तेल चोळून देत व्हतो. चोळलं की म्हणायची, बरं वाटलं." त्याची बोटं तिथेच होती. "जोरात चोळत व्हतो मी."

मॅडम खाली मान घालून बसल्या होत्या.

दादाने हात काढला नाही. "परत कर," तो म्हणाला. "पहिल्यापून. आता बराबर कर."

मी खाली बसलो, पदर घेतला, परातीत हात घातला. तोही माझ्या मागे गुडघे मोडून बसला, हात त्याच जागी ठेवून. मी भाकर थापायला लागलो. कपाळावर घाम आला, आणि करपल्याचा वास.