ताईच्या अंगावरचा नायटा

माझ्या थोरल्या बहिणीची सून बाळंत होऊन माहेरून परत आली, तेव्हा मी मेहकरहून बाळाला बघायला साखरखेर्ड्याला गेले. सगळे बाळाभोवती आणि ताई मात्र दाराशी उभी. मी नात तिच्या हातात द्यायला गेले, तर ती मागे सरली. सुनेनं मान खाली घातली. मुलगी झाली म्हणून सासूबाई हात लावत नाहीत, असं तिनं गृहीत धरलं होतं.

दुपारी मी ताईला आतल्या खोलीत नेलं. "काऊन अशी वागून राह्यली तू?"

तिनं पदर बाजूला केला. कमरेपासून पाठीपर्यंत कातडी लाल, चकचकीत, पातळ झाली होती.

"पोरीले लागंल न हे," ती म्हणाली.

सुरुवात परकराच्या नाडीखाली झाली होती. मिरचीला पाणी देताना साडी दिवसभर ओली असायची, त्यातून नायटा उठला. जागा अशी की दाखवायची लाज. मेडिकलमधून एक ट्यूब आणली. लावली की खाज थांबायची, सोडली की दुप्पट पसरायचं. म्हणून तिनं ती सोडलीच नाही.

मी भाऊजींना सांगितलं आणि आम्ही दोघं तिला बुलढाण्याला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी कातडी जराशी खरवडून तपासली. ट्यूबमधल्या स्टेरॉइडनं वरची लाली दबत होती आणि बुरशी वाढतच होती, असं त्यांनी सांगितलं. ट्यूब बंद केल्यावर आधी त्रास वाढेल, तरी पुन्हा लावायची नाही, असं बजावलं. घरात आणखी कुणाला आहे का, असंही विचारलं. ताई नाही म्हणाली.

भाऊजी म्हणाले, "मलेबी हाये. मीबी तेच लावतो."

एका घरात राहून दोघांनी एकमेकांपासून लपवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही गोळ्या दिल्या.

पुढचे काही आठवडे ताईनं फार सोसलं. अंगाची आग व्हायची, झोप लागायची नाही. खरं कारण कळल्यावर सून माझ्याजवळ रडली. मग सासूच्या गोळ्या, वेगळं धुणं, कपडे कडक उन्हात वाळवणं, सगळं तिनंच सांभाळलं. नायटा गेला. कमरेवर त्या ट्यूबमुळे पडलेले पांढरे वळ उरले, ते कायमचे.

डॉक्टरीणबाईंनी हरकत नाही म्हटल्यावर सुनेनं स्वतःच मुलीला ताईच्या मांडीवर ठेवलं. मुलगी तोवर बसायला लागली होती. ती ताईला ओळखेना, मोठ्यानं रडायला लागली. ताईनं तिला परत दिलं नाही. तशीच कडेवर घेऊन अंगणात गेली आणि शेळी दाखवत राहिली.