खुंटीवरचा पट्टा

न्हाणीघराबाहेरच्या खुंटीला बाबांचा पट्टा लटकत होता आणि माझं पेपरात लक्ष लागत नव्हतं. बाबांना कंपवात आहे. त्यांचा तोल कधी जातो, पडायची भीती किती, हे कळावं म्हणून डॉक्टरांनी आठवडाभर कमरेला बांधायला हा सेन्सरचा पट्टा दिलाय. तो बांधला की बाबा घरात पाहुणे आल्यासारखे ताठ चालतात. आंघोळीला जाताना मात्र काढून ठेवतात, भिजायला नको म्हणून! म्हणजे जिथे फरशी ओली आणि धरायला फक्त नळ, तिथलं काहीच नोंदलं जात नाही.

चिडून तरी काय करू? मीसुद्धा फोनवर सगळ्यांना "मजेत" म्हणूनच सांगतो. चाल दाखवायला माणूस तयार असतो. पडायची जागा तो कुणाला दाखवत नाही.

न्हाणीघरातून धप्पकन आवाज आला. मी पेपर टाकून दाराशी गेलो.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही रे, तांब्या पडला."

तांब्या माझ्या पायाशी होता. आईने घासून नुकताच दाराबाहेर ठेवलेला.

दाराला आतून कडी होती. नळाला धरून कुणीतरी हळूहळू उठत असल्याचं ऐकू येत होतं.

"बरं," मी म्हणालो, "सावकाश उचला."