संक्रांतीचा काळा फ्रॉक

नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीपायी पुणं सोडून आम्ही नोएडात आलो. लेक तिसरीत होती. शाळेत मूल्यशिक्षणाचा तास असायचा, त्यात मुलांनी नटूनथटून आपापले सण सांगायचे. संक्रांतीला मी तिला काळा फ्रॉक आणि हलव्याचे दागिने घालून पाठवलं. मिरवत गेली, परत आली ती तोंड मिटून. सणाला काळं अशुभ, म्हणून वर्गाच्या बाईंनी फ्रॉकवर शाळेचा स्वेटर चढवून तिला मागच्या रांगेत बसवलं होतं. दागिन्यांचा दप्तरात चुरा. "मी परत कधीच आपलं काही सांगणार नाही," एवढंच बोलली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली!

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी बाईंना धारेवर धरलं. गाझियाबादहून बसनं येणाऱ्या, हळू बोलणाऱ्या बाई. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, "पर काला क्यों?"

जन्मभर संक्रांतीला काळं नेसले, पण कारण कधी विचारलं होतं कुणाला? लेकच पुटपुटली, "ठंड होती है ना. काला गरम रहता है. आजी ने बताया था."

बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि अख्ख्या वर्गादेखत म्हणाल्या, "गलती मेरी है, बेटा. मैंने पूछा ही नहीं." पोरं बघतच राहिली. लहान मुलापुढं चूक कबूल करणारं मोठं माणूस मी तरी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्या घरात तर नाहीच, आणि त्यात मीही आलेच.

पुढची संक्रांत आली. भांडायला मी वाघीण, पण पुन्हा हसं नको म्हणून लेकीला मुकाट्यानं पिवळा फ्रॉक घातला. रिक्षानं शाळेच्या फाटकाशी पोचलो, तर धुक्यातून बाई धावत येत होत्या. कधी नव्हे तो उशीर झालेला, आणि अंगावर काळी साडी! सासूबाईंनी दारातच अडवलं म्हणे. त्यांना काळ्याचं कारण समजावून सांगेपर्यंत बस चुकली.

लेकीनं बाईंकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आई, माझा काळा कुठंय?"

लाजेनं मेले मी. त्याच रिक्षानं घरी गेले आणि फ्रॉक घेऊन आले. वर्षभरात तोकडा झाला होता. तरी तोच घातला तिनं, आणि सगळ्यांपुढं उभी राहून बोलली.