तीन चाकांचा बैल

"मी आलो की करतो" हे वाक्य फौजेत पहिल्यांदा ज्यानं काढलं असेल ना, त्याला माझ्या घरी आणून आठ दिवस ठेवलं पाहिजे. नळ गळतो? मी आलो की करतो. गाडी सुरू होत नाही? मी आलो की बघतो. अरे बाप्पा, पण तुम्ही येणार कधी? माझा नवरा अशा ठिकाणी आहे जिथे बायकापोरांना नेता येत नाही आणि नेटवर्क मनात आलं तर येतं. त्याचं आश्वासन मला पूर्ण ऐकू येतं, अन् माझं भांडण सुरू झालं की फोन कटतो.

तोवर इकडे नागपुरात मी आणि दोन पोट्टे. मोठी पाच वर्षांची, तोंडानं तिखट. धाकटा दीड वर्षाचा, दिसेल ते तोंडात घालणारा. उन्हाळ्यात कूलरच्या वाळ्याच्या ताट्या मीच बदलल्या, नळाचा वायसर मीच बसवला, गाडी ढकलत मेकॅनिककडे मीच नेली. सासूबाई कळमेश्वरकडच्या गावात. शेती सोडून त्यांना येता येत नाही. फोनवर म्हणतात, "पोट्ट्यांले घेऊन इकडेच ये ना वं." अन् मोठीची शाळा काय गाठोड्यात बांधून आणू?

वरून लोकांचं कौतुक. पंधरा ऑगस्टला कॉलनीत झेंडावंदनाला बोलावलं, शाल-नारळ द्यायला. सूत्रसंचालन करणारा म्हणतो, "आता आपल्या कॉलनीच्या वीरपत्नींचा सत्कार!" वीरपत्नी कोणाला म्हणतात हे त्या भैताडाला माहीतच नव्हतं. मी सरळ माइकपाशी गेले आणि म्हटलं, "दादा, माझे मिस्टर जिवंत आहेत. परवाच फोनवर भांडले मी त्यांच्याशी." लोक हसले, मीही हसले. घरी आल्यावर तो नारळ ओट्यावर असा आपटला की पाणी भिंतीवर उडालं.

त्याच दिवसांत घरात एक नवीनच पीडा सुरू झाली. वस्तू गायब व्हायला लागल्या. आधी कपाटाची मूठ गेली, मग टॉर्चचं झाकण, मग मिक्सरचं बटण. मिक्सर बंद म्हटल्यावर मी पाटा-वरवंटा काढला आणि चटणी वाटता वाटता सगळ्या फौजेचा उद्धार केला. धाकट्याच्या तोंडात रोज बोट घालून बघायचे, गिळलं तर नाही ना म्हणून. तो बिचारा चावायचा.

तिकडे पोळा जवळ आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा तान्हा पोळा असतो. चाकाचा लाकडी बैल सजवायचा, दोरीनं ओढत घरोघरी न्यायचा आणि बोजारा मागायचा, म्हणजे खाऊ नाही तर पैसे. मोठीचा बैल मागच्या वर्षी तिच्या पप्पांनी इतवारीच्या बाजारातून आणला होता, त्या गर्दीत तिला खांद्यावर बसवून. उन्हाळ्यात त्याचं एक चाक निघालं. फोनवर ठरलेलं उत्तर आलं, "पोळ्याले येऊन राहिलो ना बेटा, मी आलो की करतो." या वेळी सुट्टी मंजूरसुद्धा झाली होती. झालं! त्या दिवसापासून पोट्टीनं बैलाला कोणाला हात लावू दिला नाही. शाळेत सांगून आली, गल्लीत सांगून आली, दूधवाल्यालाही सांगितलं की पप्पा येणार आणि चाक लावणार.

आणि पोळ्याच्या तोंडावर फोन आला. "सुट्टी कॅन्सल झाली. तू सांग ना तिले," एवढं बोलून फोन बंद. नेटवर्क गेलं की यांनीच ठेवला, देव जाणे. माझ्या अंगाची आग झाली. बंदूक घेऊन सीमेवर उभा राहणारा माणूस पाच वर्षांच्या पोरीला घाबरतो!

मी तिला लगेच सांगितलं नाही. म्हटलं, आधी बैल तरी चालता करू. बैल धावायला लागला की बाप आला नाही याचं दुःख थोडं कमी होईल. ती शाळेत होती, धाकटा झोपला होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून स्क्रू आणून ठेवलाच होता. चाक पक्कं बसवलं, शिंगांना सोनेरी बेगड लावली, पाठीवर माझ्या जुन्या ब्लाउजपिसाची झूल टाकली. खरं सांगते, मला स्वतःचाच मोठा अभिमान वाटला.

मोठी आली. बैलाकडे पाहिलं आणि दारातच थांबली.

"चाक कोनं लावलं?"

"मी लावलं. पाय ना, कसा पळते!"

"काहून लावलं?" दप्तर खाली आदळलं आणि तिनं भोकाड पसरलं. "तुले कोनं सांगितलं होतं? आता पप्पा कशाले येतीन?"

"अवं, पप्पा काय चाक लावाले येतात का?"

"हो! तेच म्हणतात ना, मी आलो की करतो. अन् तू सगळंच करून ठेवते. नळ केला, कूलर केला, गाडी केली. मग ते येतच नाही!"

असं म्हणून ती दिवाणाखाली शिरली आणि बिस्किटाचा डबा ओढत बाहेर आली. आत कपाटाची मूठ, टॉर्चचं झाकण, मिक्सरचं बटण. "हे तरी नको लावू," ती म्हणाली.

इतके दिवस पाट्यावर घासून माझे खांदे भरून आले होते. माझा हात उठलाच होता. तो तसाच खाली आला. मी जमिनीवर बसले आणि तिच्यासमोर रडले, आजवर कधी रडले नव्हते तशी.

मग सांगून टाकलं. पप्पांची सुट्टी साहेबांनी थांबवली. पप्पा या पोळ्याले येऊन नाही राहिले. चाकामुळे नाही आणि तुझ्यामुळे तर मुळीच नाही.

ती नाक पुसून म्हणाली, "तरी चाक काढ."

मी खूप समजावलं. कॉलनीतले पोट्टे हसतील म्हटलं, बैल लंगडेल म्हटलं. ऐकेल तर शपथ! शेवटी पेचकस घेतला आणि एवढं घट्ट बसवलेलं चाक काढलं. ते तिनं डब्यात ठेवलं. मिक्सरचं बटण मात्र मला परत दिलं.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी तिकडे मारबतीची, म्हणजे गावाची पीडा बाहेर नेणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक निघाली. मी गॅलरीत उभं राहून ओरडले, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! अन् हे 'मी आलो की करतो' पण घेऊन जा!"

संध्याकाळी आम्ही बोजारा मागायला निघालो. धाकटा माझ्या कडेवर, मोठीच्या हातात दोरी, मागे बेगडी शिंगांचा बैल एका बाजूला कलून फरशीवर घासत. खालच्या काकूंनी तिच्या हातावर लाडू ठेवला आणि बैलाकडे पाहून कपाळाला हात लावला.

"अवं बाई, चाक तं लावून द्याचं होतं पोरीले! एवढं सगळं एकटी करता तुम्ही, अन् एक चाक नाही जमलं?"

मोठीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. लाडू तसाच हातात धरून.

"तिचे पप्पा आले की करतीन," मी म्हटलं.