अंड्यांसाठी रक्त

रोह्यात आमच्याकडे दर आठवड्याला हिवतापवाला पाण्याची पिंपं तपासायला येतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पिंपात टॉर्च मारायचा, अळ्या दिसल्या की "पाणी ओतून टाका, ताई" म्हणायचं, एवढंच त्याचं बोलणं.

परवा त्याच्या मनगटावर डास बसला. मी हात उगारला.

"थांबा, मादी हाय. तिची भूक फुलांच्या रसावर भागते. रक्तातली प्रथिनं अंड्यांसाठी लागतात."

तिचं पोट लाल होऊन फुगलं, मागून थेंब गळला.

"पाणी टाकते, प्रथिनं ठेवते," तो कौतुकानं म्हणाला.

मला सातवा महिना चालू आहे. नकळत माझा हात पोटावर गेला. तेवढ्यात त्यानं तिला चिरडलं.

रक्त पुसत तो म्हणाला, "घरात पोटुशी एकच बरी, ताई."